कारखान्याआधी जमिनीचे पुरातत्त्वीय सर्वेक्षण: काय करतात, कधी करावे आणि काही सापडले तर काय

प्रश्न थोडक्यात असा आहे. कारखान्यासाठी मोठी जमीन घेतली आहे. कर्ज देणारी संस्था म्हणते, बांधकामाआधी पुरातत्त्वीय सर्वेक्षण करून घ्या. पण जमिनीवर ना देऊळ आहे ना पडकी भिंत, नुसते माळरान आणि थोडी शेती. मग सर्वेक्षणात नेमके करतात काय, किती खोदावे लागते आणि काही सापडले तर प्रकल्प बंद पडतो का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण खरी भीती तिथे असते. बहुतेक वेळा प्रकल्प बंद पडत नाही. एखादी इमारत थोडी सरकते, एखादा तुकडा आधी रीतसर खणून नोंदवला जातो, एखादा कोपरा मोकळा सोडून तिथे झाडे किंवा वाहनतळ येतो. प्रकल्प अडकतो तो अवशेष उशिरा सापडले की. ले-आउट मंजूर झालेला, यंत्रसामग्रीची मागणी नोंदवलेली, कंत्राटदार जागेवर उभा, आणि अशा वेळी पोकलेनच्या बकेटमध्ये हाडे आली, तर सगळ्यांचेच नुकसान होते. म्हणून मला विचाराल तर सर्वेक्षण कोणत्या पद्धतीने केले याच्याही आधी ते कधी केले हे मी पाहतो.

ऑस्ट्रेलियाच्या पिलबरा भागातली जूकान दरी याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण आहे. लोहखनिजाच्या खाणीसाठी तिथल्या शैलाश्रयांना (माणसे आसरा घेत अशा कातळातल्या कपारींना) धक्का लावायची कायदेशीर परवानगी २०१३ मध्ये मिळाली. त्यानंतर २०१४ मध्ये बचाव उत्खनन, म्हणजे जागा नष्ट होण्याआधी नोंदीसाठी केलेले खोदकाम, झाले, आणि माणसाचा तिथला वावर सुमारे ४६ हजार वर्षे मागे जातो हे स्पष्ट झाले. माणसाच्या केसांची वेणी घातलेला, सुमारे ४ हजार वर्षांपूर्वीचा एक तुकडा मिळाला. त्याचा डीएनए आज त्या भूमीवर पिढीजात हक्क सांगणाऱ्या समाजाशी जुळला. म्हणजे शोध लागला होता, महत्त्व कळले होते, तज्ज्ञांचे काम चोख झाले होते. पण परवानगी आधीच दिलेली होती आणि नवी माहिती आली म्हणून तिचा फेरविचार मागण्याची सोय त्या समाजाला कायद्यात नव्हती. मे २०२० मध्ये सुरुंग लावून ते शैलाश्रय उद्ध्वस्त केले गेले. पुढे संसदीय चौकशी झाली, कंपनीच्या प्रमुखाला पद सोडावे लागले. ४६ हजार वर्षे मात्र परत आली नाहीत.

याच्या उलट जपानमधले योशिनोगारी. क्यूशू बेटावरच्या सागा प्रांतात तिथे औद्योगिक वसाहत व्हायची होती. तिच्याआधीचे उत्खनन १९८६ मध्ये सुरू झाले आणि यायोई काळातली (जपानमधल्या सुरुवातीच्या भातशेतीच्या काळातली), खंदकांनी वेढलेली प्रचंड वस्ती उघडी पडत गेली. १९८९ मध्ये ती जागा जतन करायचे ठरले, १९९१ मध्ये तिला विशेष राष्ट्रीय स्थळाचा दर्जा मिळाला आणि आज तिथे ऐतिहासिक उद्यान आहे. असा प्रसंग विरळा. पण तिथे मोठे मातीकाम होण्याआधी खणले गेले, म्हणून निर्णय घ्यायला जागा उरली होती.

आता ‘जमीन रिकामी दिसते’ याबद्दल. जुन्या वस्त्या मातीच्या, लाकडाच्या, कुडाच्या असत. वरचा भाग कोसळतो, वाहून जातो, नांगराखाली सपाट होतो. उरतात ते जमिनीत खोदलेले भाग: खांबांचे खळगे, धान्याची पेवे, चुली, भट्ट्या, खंदक, दफने. ती जमिनीवरून दिसत नाहीत. नदीकाठी तर पुराच्या गाळाने आणि डोंगरउतारावर वरून घसरलेल्या मातीने जुना पृष्ठभाग कित्येकदा दोन-तीन मीटर खाली गाडलेला असतो. तिथे वर चालून एकही खापर मिळाले नाही, तरी त्यावरून खाली काही नाही असे म्हणता येत नाही.

कामाची सुरुवात कागदांपासून होते. महसुली नकाशे, जुनी भूमापने, ओसाड पडलेल्या गावांच्या नोंदी, आसपास झालेल्या उत्खननांचे अहवाल, हवाई छायाचित्रे. अमेरिकेच्या कोरोना मालिकेतल्या हेरगिरी उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात काढलेली छायाचित्रे १९९५ मध्ये खुली झाली आणि आम्हा पुरातत्त्वज्ञांसाठी तो खजिनाच ठरला. सपाटीकरण, कालवे आणि वसाहतींनी जमिनीचा चेहरा बदलण्याआधीची टेकाडे आणि जुन्या वाटा त्यांत दिसतात. कोरड्या वर्षातली छायाचित्रे मुद्दाम शोधावीत. बुजलेल्या खंदकात ओल टिकते, म्हणून त्यावरचे पीक हिरवे राहते. गाडलेल्या भिंतीवरचे पीक आधी वाळते. २०१८ च्या कोरड्या उन्हाळ्यात आयर्लंडमधल्या न्यूग्रेंजजवळच्या शेतात असेच एक भलेमोठे प्राचीन वर्तुळ ड्रोनमधून दिसले. तोवर ते तिथे आहे हे कोणाला माहीत नव्हते.

कागदावर मात्र एका मर्यादेपलीकडे विसंबू नये. न्यूयॉर्कमध्ये १९९१ साली एका सरकारी इमारतीच्या जागेवर काय घडले ते पाहा. अठराव्या शतकात आफ्रिकी लोकांची दफनभूमी तिथे होती हे जुन्या नकाशावरून माहीत होते. पण नंतरच्या इमारतींच्या तळघरांनी ती नष्ट झाली असणार, असा अंदाज अहवालात धरला गेला. प्रत्यक्षात तो भाग पूर्वी सखल होता आणि त्यावर कित्येक मीटर भराव पडला होता. त्या भरावाखाली दफने शाबूत होती. चारशेहून अधिक माणसांचे अवशेष निघाले, लोक रस्त्यावर उतरले, काम थांबले, इमारतीचा आराखडा बदलावा लागला. २००६ मध्ये ते राष्ट्रीय स्मारक झाले. भराव टाकलेली जमीन ‘आधीच बिघडलेली’ म्हणून सर्वेक्षणातून वगळायची सवय अनेक सल्लागारांना असते, ती मला धोक्याची वाटते. भरावाखालचे थर कित्येकदा सर्वांत चांगले टिकलेले असतात.

मग येते पायी पाहणी. माणसे एका ओळीत, दहा ते वीस मीटर अंतर ठेवून, नजर जमिनीवर ठेवून चालतात. उत्तम वेळ म्हणजे नांगरट होऊन एखादा पाऊस पडून गेल्यानंतरची सकाळ किंवा संध्याकाळ: खापरांवरची माती धुतलेली असते आणि तिरप्या उन्हात कडा उठून दिसतात. खापर हातात घेतले की आधी त्याची कड पाहायची. कड धारदार, भंगलेला पृष्ठ ताजा असेल तर ते नुकतेच नांगराने वर आले आहे, म्हणजे मूळ थर जवळच खाली आहे. कडा गोल झिजलेल्या असतील तर ते पाण्याने वा वर्षानुवर्षांच्या मशागतीने लांबून आलेले असते. दाटीही महत्त्वाची. विस्तीर्ण शेतभर पातळ विखुरलेली, झिजलेली खापरे बहुधा खतातून आलेली असतात, कारण घरातला केरकचरा शेणखताबरोबर शेतात जातो. त्यांच्यावरून शेती कळते, वस्ती नव्हे. पण एखाद्या तुकड्यात अचानक खापरांची दाटी, त्यांच्यासोबत जळक्या मातीचे ढेकूळ, हाडांचे तुकडे, राखाडी भुसभुशीत माती असे एकत्र दिसले, की तिथे पांढरीचा, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचा, थर आहे असे धरून चालावे. लोखंडाची मळी (लोखंड गाळताना उरणारा कचरा) सापडली तर तिचे वजन हातावर जाणवते. दगडाच्या मानाने ती जड असते आणि वरचा भाग वितळून ओघळल्यासारखा दिसतो. अशी मळी ढिगाने असेल तर जवळपास भट्टी शोधावी.

एक गोष्ट प्रत्येक तुकड्यासाठी लिहून ठेवावीच लागते: जमीन किती दिसत होती. गुडघाभर गवतातून चालून ‘काही आढळले नाही’ असे लिहिणे म्हणजे न पाहताच दाखला देणे होय.

आणि माणसांशी बोला. ज्याने ती जमीन कसली आहे त्याला कुठल्या तुकड्यात फाळ दगडाला अडतो, कुठली माती वेगळ्या रंगाची आहे, विहीर खणताना काय निघाले होते, हे सगळे ठाऊक असते. गुरे चारणाऱ्यांना, सरपण गोळा करणाऱ्या बायकांना पायवाटा आणि जुने दगड माहीत असतात. शिवाय काही स्थळांवर वस्तू अशी नसतेच. एखादे झाड, एखादा पाणवठा, एखादा दगड इतकेच, पण एका समाजाची श्रद्धा पिढ्यानपिढ्या तिथे असते. कुठलेही यंत्र ते सांगणार नाही. हे संभाषण सर्वेक्षणाच्या सुरुवातीला व्हायला हवे, शेवटी सही घेण्यापुरते नव्हे.

यंत्रांबद्दल लोकांच्या अपेक्षा फार असतात, म्हणून स्पष्ट सांगतो. चुंबकमापक बुजलेले खंदक छान दाखवतो, आणि भट्ट्या, चुली, जळालेल्या भिंती तर विशेषच, कारण माती खूप तापली की तिच्यातले लोहयुक्त कण थंड होताना पृथ्वीच्या तेव्हाच्या चुंबकीय क्षेत्राला धरून कायमचे स्थिरावतात. पण बेसाल्टसारख्या अग्निजन्य खडकावर पार्श्वभूमीचा गोंगाट इतका असतो की हे बारीक संकेत त्यात बुडतात. तारेचे कुंपण, विजेचे मनोरे, लोखंडी भंगारही तसेच छळतात. विद्युतरोध मापन दगडी पायांसाठी चांगले, मात्र जमिनीच्या ओलीप्रमाणे त्याचे निकाल बदलतात. भूवेधी रडार कोरड्या वाळूत किंवा फरशीखाली उपयोगी पडते, पण ओल्या चिकणमातीत त्याच्या लहरी लवकर विरतात. साधे खांबाचे खळगे आणि दफने मात्र या पद्धतींपैकी कुठलीच खात्रीने दाखवत नाही. भूभौतिकी नकाशात काही दिसले तर तिथे नक्की पाहावे. काही दिसले नाही म्हणून जमीन मोकळी आहे असा निष्कर्ष काढू नये.

शेवटी माती उघडावीच लागते. चाचणी चर घेतात ते साधारण दोन मीटर रुंद आणि वीस-तीस मीटर लांब, जमिनीभर ठरावीक मांडणीत. इंग्लंडमध्ये सहसा क्षेत्राच्या २ ते ५ टक्के भागावर चर घेतात, फ्रान्समध्ये १० टक्क्यांच्या आसपास. मीटरभराचे चौकोनी खड्डे स्वस्त पडतात, पण दोन खड्ड्यांमधून अख्खा खंदक निसटून जाऊ शकतो. लांब चर त्याला कुठेतरी छेदतोच.

खोदकाम पोकलेननेच होते, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. अट एवढीच की बकेट बिनदाती, सपाट धारेची हवी आणि पुरातत्त्वज्ञ चराच्या तोंडाशी उभा हवा. यंत्र दहा-पंधरा सेंटिमीटरचा एकेक पापुद्रा मागे ओढत काढते आणि मूळ जमिनीचा रंग लागला, किंवा त्याआधीच मानवी थर दिसला, की हात वर करून थांबवायचे. दाताची बकेट वापरली तर तळ ओरबाडला जातो आणि नेमके जे पाहायचे तेच पुसले जाते.

काय पाहायचे असते? समजा, तळ पिवळसर मुरमाचा आहे. खुरप्याने साफ केल्यावर त्यात तीसेक सेंटिमीटर व्यासाचा एक गोल काळपट डाग दिसतो. थोडे पुढे दुसरा, मग तिसरा, तिन्ही एका रेषेत. पहिल्या डागाचा अर्धा भाग हलक्या हाताने उपसायचा आणि उरलेल्या अर्ध्याचा उभा छेद पाहायचा. छेदात बाजूंनी घट्ट बसवलेले दगड आणि मधोमध मऊ, गडद मातीचा उभा पट्टा दिसला, तर तो कुजून गेलेला खांब आहे. लाकूड शिल्लक नाही, पण त्याची जागा मातीने धरून ठेवली आहे. तेच जर वेडेवाकडे, खाली फाट्या फुटलेले असेल तर ते झाडाचे मूळ किंवा घुशीचे बीळ. असे तीन-चार खळगे एका ओळीत आले की एका घराची बाजू समोर येते. लेखी इतिहासात ज्यांची ओळही नाही अशा माणसांचे ते घर असते. वरून रिकाम्या दिसणाऱ्या माळावर हे पाहिले की सर्वेक्षण कशासाठी, हा प्रश्न माझ्यापुरता तरी उरत नाही.

पैसे आणि वेळ दोन्ही वाचवणारी एक सूचना, जी प्रकल्पांच्या नियोजनात सहसा कोणी करत नाही. पायासाठी भूतांत्रिक बोअर (जमिनीची ताकद तपासायची खोल छिद्रे) तुम्ही घेणारच आहात. त्या वेळी पुरातत्त्वज्ञाला तिथे उभे करा आणि नमुने त्याला पाहू द्या. अभियंत्याच्या नोंदीत जो ‘काळा सेंद्रिय थर’ किंवा ‘विटेचे बारीक तुकडे’ म्हणून एका ओळीत जातो, तो कोळसा, राख आणि हाडांनी भरलेला वस्तीचा थर असू शकतो. गाळाच्या प्रदेशात तर खोलवरच्या थरांची कल्पना येण्याचा हाच सोपा मार्ग आहे.

आता नेमके नुकसान कशाने होते तेही पाहा. सगळे पायांच्या खोलीबद्दल बोलतात, पण औद्योगिक भूखंडावर सर्वांत मोठा संहार सपाटीकरण करते. पाया ठिपक्या-ठिपक्यांनी जमीन भेदतो, तर सपाटीकरणात उंच भागाची अख्खी कातडी सोलली जाते. आणि वस्त्या बहुतेकदा पुराच्या पाण्यापासून वर, अशाच थोड्या उंच भागावर असतात. भराव टाकलेला भाग त्या मानाने सुरक्षित, जर जड यंत्रे ओल्या मातीवर फिरवली नाहीत तर. भूजल उपसणेही घातक असते, कारण पाण्याखाली हवेविना हजारो वर्षे टिकलेले लाकूड पाणी उतरताच कुजू लागते. इंग्लंडमध्ये पीटरबराजवळ मस्ट फार्म येथे विटांसाठी माती काढलेल्या खाणीच्या कडेला १९९९ मध्ये जुने लाकडी खांब दिसले. तिथे इसवी सनापूर्वी साडेआठशेच्या सुमाराची, आगीत जळून नदीत कोसळलेली खांबांवरची वस्ती निघाली. कापड, भांडी, भांड्यांतले अन्नसुद्धा टिकले होते, ते आगीत करपल्यामुळे आणि ओल्या गाळामुळे.

शिवाय सर्वेक्षणाची हद्द कुंपणापाशी संपत नाही. जोडरस्ता, पाण्याची आणि सांडपाण्याची वाहिनी, विजेच्या तारांचे मार्ग, मुरूम काढायची खाण, कामगारांची वसाहत, माल ठेवायची जागा हे सगळे त्यात हवे. भूखंडाचे सर्वेक्षण काटेकोर आणि मुरूम मात्र शेजारच्या प्राचीन टेकाडातून आणलेला, असे घडू नये.

अवशेष निघाले तर पर्याय असतात. जागेवरच जतन करणे पहिले. त्यासाठी इमारत हलवता येते, पाया कमी जागा व्यापेल असा आखता येतो, संरक्षक थर टाकून वर हलके बांधकाम करता येते. यॉर्क शहरासाठी १९९१ मध्ये झालेल्या अभ्यासाने पायांची आखणी अशी करावी असे सुचवले की किमान ९५ टक्के अवशेष अबाधित राहावेत. हे शक्य नसेल तर पूर्ण उत्खनन करून नोंद ठेवणे. आणि कमी महत्त्वाच्या ठिकाणी, मातीकाम चालू असताना देखरेख. देखरेखीला मी शेवटचा पर्याय मानतो. यंत्र चालू असताना, मागे डंपर रांगेत उभे असताना, नीट पाहायला उसंत मिळत नाही.

कायदे देशोदेशी वेगळे आहेत. इंग्लंडमध्ये १९९० पासून, आणि पुरातत्त्वीय वारशाच्या रक्षणासाठीच्या १९९२ च्या व्हॅलेटा करारानंतर युरोपात बऱ्याच ठिकाणी, पूर्वतपासणी नियोजनाचा भाग झाली. अमेरिकेत १९६६ चा कायदा संघराज्याचा पैसा किंवा परवानगी असलेल्या कामांना लागू होतो. भारतात १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र ठरवले. जमिनीत निधी सापडला तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. आतापर्यंत कोणाला माहीतच नसलेल्या स्थळाला अंतराच्या नियमाने संरक्षण मिळत नाही, म्हणून तिथे कर्जदात्यांच्या अटी महत्त्वाच्या ठरतात. जागतिक बँक समूहातल्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाचे (आयएफसी) आठवे कार्यमानक, म्हणजे कर्ज घेणाऱ्याने पाळायचा निकष, सांस्कृतिक वारशाबद्दलच आहे, आणि अचानक सापडणाऱ्या अवशेषांसाठी ठरलेली कार्यपद्धती ते मागते. तुमच्याकडे आलेली अट बहुधा याच वळणाची असेल.

ती कार्यपद्धती कंत्राटदाराच्या करारात जायला हवी. काम थांबवण्याचा अधिकार जागेवरच्या कोणाला आहे, किती परिघात थांबवायचे, कोणाला फोन करायचा, थांबलेल्या वेळेचे पैसे कोण देणार, हे लिहिलेले असावे. शेवटचा मुद्दा विसरू नका. थांबल्याचा भुर्दंड यंत्रचालकाच्या किंवा पोटकंत्राटदाराच्या माथी बसणार असेल तर सापडलेली वस्तू गुपचूप मातीत परत जाते.

अहवाल हाती आला की आधी ‘काही आढळले नाही’ हे वाक्य शोधा आणि त्याच्या आजूबाजूला काय लिहिले आहे ते वाचा. कुठे पाहिले, कशाने पाहिले, किती खोल, कुठे पाहता आले नाही, हे त्यात नसेल तर तो अहवाल परत करा. सर्वेक्षकाला पैसे तुम्ही देता, त्यामुळे तुम्हाला आवडेल तेच लिहिण्याचा दबाव त्याच्यावर असतोच. तुम्ही स्वतः खरा निकाल मागितलात तर तो दबाव बराच उतरतो.

आणि अंदाजपत्रकात उत्खननानंतरच्या कामाचे पैसे आधीच बाजूला ठेवा: धुणे, क्रमांक टाकणे, चित्रे, हाडांची आणि बियांची तपासणी, कार्बन कालमापन, अहवाल, साठवण. हे काम खोदकामाइतकेच, कधी त्याहून लांब चालते. पैसे संपल्यामुळे गोणीत पडून राहिलेली, चिठ्ठ्या पुसून गेलेली खापरे कोणाच्याच कामाची राहत नाहीत, आणि ती जिथून आली ती जागा तोवर कारखान्याखाली गेलेली असते. त्या वस्तू कोणत्या संग्रहालयात किंवा सरकारी भांडारात जाणार, त्याचे लेखी पत्र पहिला चर घेण्याआधी मिळवून ठेवा.